पंधरा निकालांतली मावशी

आमची मावशी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होती. म्हणजे न्यायाधीश निकाल तोंडी सांगायचे, ही तो भराभर वहीत उतरवून घ्यायची, मग टाईप करून त्यांच्या सहीला ठेवायची. घरात सगळे तिला खटखटमावशी म्हणतात. कारण तिची बोटं कधी थांबतच नाहीत. तुम्ही तिच्याशी बोलायला बसा, ती मान डोलवेल, ‘हो का’ म्हणेल, आणि टेबलाखाली गुडघ्यावर तुमचं बोलणं टाईप करत राहील. लहानपणी मी काही खोटं सांगायला लागले की ती बोटं मधेच थबकायची. मग मीही थबकायचे. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “दिवसभर दुसऱ्याचं ऐकते, आता घरी येऊनही ऐकू का?”

या मावशीमुळेच मी वकील झाले. आणि माझा पहिला स्वतंत्र खटला जवळजवळ बुडाला तोही मावशीमुळेच, पण त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता. मूर्खपणा सगळा माझा.

झालं असं. मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सरांनी ऑफिसात एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात न्यायाधीशाचं नाव टाकायचं आणि चहाचा घोट घ्यायचा. घोट गळ्याखाली उतरेपर्यंत त्या न्यायाधीशाची सगळी कुंडली समोर! त्यांनी आजवर दिलेले निकाल वाचून ते सांगायचं, की साहेब कुठल्या मुद्द्याला भुलतात, कुठल्याला वैतागतात, तारीख वाढवून देतात की नाही, कुणाबद्दल त्यांना कळवळा आहे. वर रंगीत आलेख. सर त्याला ‘आमचा ज्योतिषी’ म्हणायचे. मला तर वेडच लागलं होतं त्याचं. दोन दिवसांत मी शहरातल्या सगळ्या न्यायाधीशांचे अहवाल काढून पाहिले, ज्यांच्यासमोर मला जन्मात उभं राहायचं नव्हतं त्यांचेसुद्धा.

आणि नेमका तेव्हाच बँडमास्तरांचा खटला आला. सरांनी फाईल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “घे, हा तुझा.” माझे पाय जमिनीवर राहतात होय!

बँडमास्तर म्हणजे साठीचा गोल चेहऱ्याचा माणूस. एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा हॉल आहे. तिथे ते मोठ्या माणसांना बँड शिकवतात. एक पोस्टमन कर्णा फुंकतो, दवाखान्यातली एक नर्स ढोल बडवते, दोन शिंपी सनईसारखं काहीतरी वाजवतात आणि बँकेतले एक निवृत्त साहेब झांजा सांभाळतात. सव्वीस वर्षं हे चाललंय. हॉलच्या मागच्या खोलीत बँडमास्तर राहतात. बायको नाही, मुलं नाहीत. जे काय आहे ते त्या हॉलमध्ये. आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांनी दावा लावला होता, की हा आवाज बंद करा. खटल्याचा शेवट होईपर्यंत वाजवायलाच मनाई करा, असा त्यांचा अर्ज होता. खटल्याचा शेवट म्हणजे सात-आठ वर्षं तरी कुठे गेली नाहीत. तोवर पोस्टमन कर्णा विसरला असता आणि बँडमास्तर खचून गेले असते. म्हणजे या एका अर्जावर सगळं होतं.

“ताई,” बँडमास्तर पहिल्या भेटीत मला म्हणाले, “मला दुसरं काही येत नाही हो.”

एवढंच म्हणाले. मला असं भरून आलं की त्यांच्यापुढे रडायचीच बाकी होते.

मी लगेच ज्योतिष्याकडे धाव घेतली. न्यायाधीशांचं नाव टाकलं. नाव पाहताच मला आठवलं, अगंबाई, हे तर मावशीचे साहेब! शेवटची अकरा वर्षं ती यांच्याकडेच होती. बदली झाली की ते तिलाही मागून घ्यायचे. मी मनात म्हटलं, चला, घरचेच म्हणायचे. आणि अहवाल उघडला तर काय! या साहेबांनी आवाजाच्या तक्रारींचे पंधरा खटले निकाली काढले होते. सुतार, छापखानेवाले, लोहार, लाँड्रीवाले अशा लहान लहान धंदेवाल्यांवर शेजाऱ्यांनी केलेल्या तक्रारी. आणि त्याखाली हिरव्यागार अक्षरांत: ‘छोट्या व्यावसायिकांबद्दल सहानुभूती: अतिशय जास्त. शिफारस: उपजीविकेचा मुद्दा सुरुवातीलाच आणि ठळकपणे मांडावा.’ सोबत त्यांचं वाक्यही दिलं होतं, जे निकालांत पुन्हा पुन्हा आलं होतं: ‘प्रतिवादीने वर्षानुवर्षे कष्टाने उभा केलेला हा व्यवसाय आहे, याची या न्यायालयाला पूर्ण जाणीव आहे.’

मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. खरंच नाचले, खुर्चीला चाकं आहेत. अहवालाच्या नवव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पंधरापैकी अकरा धंदेवाले हरले. तेही मी वाचलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, त्यांचे वकील बावळट असतील. साहेबांच्या मनात एवढी माया असताना हरतात म्हणजे काय! मी असते तर हरले नसते. सर म्हणाले, “उपजीविकेवर जोर दे.” मी एवढा जोर दिला की युक्तिवादाची बावीस पानं झाली, आणि अकराव्या पानाशी माझं मलाच रडू आलं.

सुनावणीला आठ दिवस होते. त्या दुपारी मावशी माझा विसरलेला डबा घेऊन ऑफिसात आली. सर बाहेर गेले होते. मी जेवता जेवता तिला संगणकासमोर बसवलं आणि म्हटलं, “बघ तुझे साहेब! वरून एवढे कोरडे दिसतात, पण आत काय मऊ आहेत गं!”

तिने चष्मा लावला. वाचायला लागली. बोटं टेबलाच्या कडेवर खटखटत होती. ते वाक्य आलं आणि बोटं थांबली. तिने ते पुन्हा वाचलं. मग तिच्या तोंडून असा एक आवाज निघाला की मला वाटलं हिला ठसका लागला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. ठसका कुठला, बाई हसत होती. हसून हसून तिची मुरकुंडी वळली, डोळ्यांतून पाणी, चष्मा हातात, एक हात पोटावर.

“अगं, काय झालं काय?”

“अगं, हे साहेब नाहीत,” ती कसंबसं म्हणाली, “ही मी आहे!”

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. साहेब निकालाचा मुख्य भाग सांगायचे. तारखा, पुरावा, कोण जिंकलं, का जिंकलं. मग उठायचे, म्हणायचे, “बाई, बाकी नेहमीचं घाला,” आणि चहाला जायचे. नेहमीचं म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची ठरलेली वाक्यं. पहिल्या वर्षी मावशीने तीच ठरलेली वाक्यं घातली. मग एकदा एक बाई खटला हरली. निकालाची प्रत घ्यायला खिडकीशी आली, तिथेच उभ्या उभ्या तिने सगळा कागद वाचला, उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली, आणि मावशीला विचारलं, “यात माझ्याबद्दल काहीच नाही का हो?”

“जिंकलेला माणूस कागद वाचतच नाही,” मावशी म्हणाली. “हरलेला घरी नेऊन दहा वेळा वाचतो. मग मी त्याच्यासाठी एक वाक्य घालायला लागले. तुमचे कष्ट आम्हाला कळतात, तुमची तक्रार क्षुल्लक नव्हती, असं काहीतरी. साहेब सही करायचे. वाचायचे की नाही देव जाणे, पण खोडलं कधीच नाही.” मग एकदम तिचा चेहरा उतरला. “काय गं, चुकलं का माझं? आता काही विचारणार नाहीत ना मला?”

पण माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. कारण ते वाक्य ती कुणासाठी घालायची? हरणाऱ्यासाठी! म्हणजे ज्या ज्या निकालात ज्योतिष्याला धंदेवाल्याबद्दल कळवळा दिसला, त्या त्या निकालात तो बिचारा धंदेवाला हरला होता. आणि मी त्याच कळवळ्याच्या भरवशावर बावीस पानं लिहिली होती! आम्ही एवढे दिवस न्यायाधीशांचा म्हणून अभ्यास केला तो सगळा माझ्या मावशीचा. ती मायाळू आहे हे कळायला मला सॉफ्टवेअर लागत नव्हतं.

“मावशी, मग खरे साहेब कसे आहेत ते सांग,” मी तिचे हातच धरले. “कशाने पटतं त्यांना? कशाला चिडतात? सांग ना गं!”

मावशीने हात सोडवून घेतले आणि डब्याचं झाकण लावलं. “ते मी सांगणार नाही.”

“अगं, बँडमास्तरांचा हॉल जाईल!”

“जाऊ दे नाहीतर राहू दे. साहेबांच्या खोलीत मी अकरा वर्षं ऐकलंय ते बाहेर सांगायला नाही ऐकलं. उद्या समोरच्या वकिलाची मावशी स्टेनो असती आणि तिने सांगितलं असतं तर चाललं असतं तुला?”

मी रागावले. खूप रागावले. मी म्हटलं, तुझं इमान घेऊन बस, तिकडे एक म्हातारा माणूस रस्त्यावर येतोय. मी तोंड फिरवून बसले. पाच-एक मिनिटांनी ती म्हणाली, “ते पंधरा निकाल कागदावर काढून देतेस का?”

“कशाला?”

“माझं जे आहे ते माझं आहे. ते मी खोडू शकते. राहील ते त्यांचं. तेवढं तू आपल्या डोळ्यांनी वाच, जगातला कुणीही वाचू शकतो.”

मी तिला मिठीच मारली. डबा लवंडला, पण त्याला कोण विचारतंय!

दुसऱ्या दिवशी घरी जेवणाच्या टेबलावर मावशी लाल पेन्सिल घेऊन बसली. काय सांगू तुम्हाला, ते दृश्य बघायला हवं होतं. एकेक पान घ्यायची, ओठांत वाचायची आणि सर्रकन रेघ. “हे माझं. हेही माझं. हे साहेबांचं, राहू दे. हं, हे लोहाराचं, याच्या वेळी मी फारच वाहवत गेले होते.” मधेच थांबून एखादं वाक्य दोनदा वाचायची आणि म्हणायची, “पण छान लिहिलंय गं!” आणि मग तेच खोडायची. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “स्वतःचं कौतुक पुरे, टेबल मोकळं करा!” संध्याकाळपर्यंत पंधराही निकाल निम्मे झाले. सगळी माया लाल रेघांखाली गेली आणि खाली जे उरलं ते वाळलेल्या पावासारखं कोरडं. तारखा, अंतरं, तास, भिंतींची जाडी.

पण त्या कोरड्यातच सगळं होतं. हरलेल्या अकरा जणांनी कोर्टात काय सांगितलं होतं? पोटाचा प्रश्न आहे. अकराही जणांनी तेच सांगितलं होतं. आणि जिंकलेले चौघे? सुताराने करवत किती वाजता चालते त्याची सहा महिन्यांची नोंदवही दिली होती. छापखानेवाल्याने यंत्राखाली रबर बसवून आवाज मोजून आणला होता. उरलेल्या दोघांनीही असंच काहीतरी आधी स्वतः करून दाखवलं होतं. साहेबांनी पोटाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. वेळ आणि माप, बस.

मी बावीस पानं फाडली. सर म्हणाले, “अगं, त्या पानांना ज्योतिष्याने शंभरात शहाऐंशी गुण दिलेत!” मी म्हटलं, “सर, ते शहाऐंशी माझ्या मावशीला दिलेत.” त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ त्या रंगीत आलेखाकडे बघत बसले. मग म्हणाले, “मावशी नोकरी करतील का आपल्याकडे?”

पुढचे पाच दिवस जी धमाल झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. आवाज मोजणारे एक अभियंते यंत्र घेऊन आले. गंभीर माणूस, शब्दाला महाग. हॉलच्या छताला आणि दारांना आम्ही जाड गाद्या ठोकल्या. खिडक्यांना दुहेरी काचा लावल्या. ढोलात दोन उशा कोंबल्या. नर्सने एक ठोका दिला तर ‘धप्प’ असा आवाज आला. बँडमास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, “ताई, हा ढोल आहे की आजारी माणूस?” पोस्टमनच्या कर्ण्यात बोळा घातला तर तो बोळा पहिल्याच फुंकरीला उडून अभियंत्यांच्या खांद्यावर बसला. अभियंत्यांनी तो शांतपणे काढला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मावशी जिन्यात स्टुलावर बसून प्रत्येक आकडा उतरवून घेत होती. मी वरखाली पळत होते. “वाजवा!” म्हणून ओरडायला खाली, “किती?” म्हणून विचारायला वर. तिसऱ्या दिवशी काकांच्या दाराबाहेर आवाज दोन माणसं हळू बोलतात तेवढाच उरला, तेव्हा आम्ही सगळे जिन्यातच टाळ्या पिटायला लागलो. त्या टाळ्यांच्या आवाजाने काकांनी दार उघडलं. बारीक अंगाचे, दाढी वाढलेले, पांढरा सदरा. आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि न बोलता दार लावून घेतलं. आमच्यापैकी कुणी त्यांना एका शब्दाने काही विचारलं नाही. ते समोरच्या पक्षाचे होते ना!

मग आम्ही वेळापत्रक केलं. रोज तीन ते सहा, रविवारी बंद, ढोल फक्त शेवटचा तास. बँडमास्तरांनी सही केली.

सुनावणीच्या दिवशी सकाळी माझी बोबडी वळली होती. मावशी मागच्या बाकावर येऊन बसली. “बोलणार नाही, फक्त बसणार,” म्हणाली. बँडमास्तर इस्त्रीचा कोट घालून आले होते आणि त्यांच्यामागे अख्खा बँड, पोस्टमन तर गणवेशातच. समोरचे वकील अर्धा तास बोलले. माझी पाळी आली. मी नऊ मिनिटं बोलले. तास, भिंत, गाद्या, आकडे. पोटाचा प सुद्धा काढला नाही. मधेच साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“प्रतिवादीच्या रोजगाराबद्दल काही म्हणायचंय?”

माझ्या जिभेवर बावीस पानं नाचायला लागली. “नाही साहेब.”

त्यांनी मान खाली घातली, अभियंत्यांचा अहवाल चाळला आणि तिथेच निकाल सांगायला सुरुवात केली. त्यांची नवी स्टेनो, चोविशीची एक मुलगी, संगणकावर लिहीत होती. तारखा आल्या. भिंतीची जाडी आली. आमचे आकडे आले, एकूण एक! “सबब, मनाईचा अर्ज नामंजूर.” मागून पोस्टमनने हुंदका दिला की शिंकला, मला कळलं नाही. बँडमास्तरांनी माझी बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवली. हॉल वाचला होता!

साहेब उठायला लागले. “बाकी नेहमीचं घाला,” ते म्हणाले.

“नेहमीचं कुठलं, साहेब?” नव्या मुलीने विचारलं.

साहेब अर्धे उठलेले तसेच राहिले. त्या मुलीची बोटं वाट पाहत होती. साहेबांनी समोर पाहिलं. काका उभे होते, दोन्ही हातांत फाईल, आणि त्यांना आता बसायचं की जायचं तेही कळत नव्हतं. साहेब पुन्हा खाली बसले.

“तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कधी होतो?” त्यांनी काकांना विचारलं.

समोरचे वकील घाईने उठले. “साहेब, माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे की…”

“तुम्हाला नाही विचारलं.”

काकांनी आधी वकिलांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “दुपारी,” ते म्हणाले. “बायको दोन वर्षं अंथरुणाला होती. रात्री जागायचो. ती गेली, पण आता रात्री डोळा लागतच नाही. दुपारी दोन ते चार तेवढी झोप येते.”

आमचं वेळापत्रक तीनला सुरू होत होतं. आम्ही गाद्या ठोकल्या, उशा कोंबल्या, जिना मोजला, आणि दहा पावलांवरच्या दारातल्या माणसाला एवढंसं विचारलं नाही. मी काहीतरी बोलायला उठले, पण त्याआधीच बँडमास्तर उभे राहिले. “साहेब, चारनंतर,” ते म्हणाले. “चारनंतरच वाजवू. मला माहीतच नव्हतं हो.”

साहेब त्या मुलीकडे वळले आणि सांगायला लागले, अडखळत, शब्द शोधत, जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच करतायत. “लिहा. दुपारी दोन ते चार… वादींना झोप मिळाली पाहिजे. ते पुष्कळ जागले आहेत. तेवढ्या वेळात एक सूर जरी निघाला, तरी त्यांनी सरळ इथे यावं.” मग म्हणाले, “एवढंच.” आणि उठून गेले.

बाहेर नुसता कल्लोळ. बँडमास्तर सगळ्यांच्या गळ्यात पडत होते, रखवालदाराच्यासुद्धा. नर्स माझे दोन्ही गाल ओढत होती. मी मावशीला शोधलं तर ती भिंतीशी एकटीच उभी होती आणि तिची बोटं अगदी स्थिर होती.

“अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसले,” ती म्हणाली. “एकदाही त्यांनी कुणाला असं विचारलं नाही.”

मी आनंदाने इतकी बेभान होते की जे मनात आलं ते बोलून गेले. “तू होतीस ना लिहायला! त्यांना विचारायची गरजच कुठे पडली?”

मावशीचा चेहरा पाहिला आणि वाटलं, जीभ हासडून टाकावी. काका आमच्यासमोरून फाईल छातीशी धरून निघाले होते. ती पटकन पुढे झाली, त्यांच्याबरोबर जिन्याकडे चालायला लागली, आणि मी ऐकलं, तिने त्यांना विचारलं, “काय आजार होता हो त्यांना?”